डाळ शिजली का?

दिवाळीच्या फराळाला आलेल्या पाहुण्याला यजमानीणबाई विचारतात, "चकली कशी झाली हो?" तोंडातली चकली दाताला दाद देत नसते, तरी पाहुणा म्हणतो, "वा! अगदी खुसखुशीत!" या उत्तराला कोणी खोटे म्हणत नाही; तो शिष्टाचार झाला. घरातल्या सासूबाई मात्र एक तुकडा मोडून पाहतात, तोंडात टाकतात आणि मोहन कमी पडल्याचे सांगतात. हा अभिप्राय कोणाला आवडत नाही. पण पुढचा घाणा सुधारतो तो त्याच्यामुळे. पाहुण्याच्या कौतुकाने कुठल्याच घरातली चकली आजवर सुधारलेली नाही.

परदेशाच्या पैशाने आणि परदेशी तज्ज्ञांच्या सल्ल्याने आपल्या खेड्यापाड्यांत ज्या योजना झाल्या, त्यांच्या मूल्यमापनाचे अहवाल अधूनमधून माझ्या वाचनात येतात. ते वाचताना मला हे दोन अभिप्राय आठवतात. अहवाल लिहिणारा पाहुणा असतो. त्याला बोलावणारा यजमान असतो. पैसे देणारा दूर कुठेतरी तिसऱ्याच देशात बसलेला असतो. ज्याच्या पोटात ती चकली जायची, तो गावकरी या तिघांच्या संभाषणात बहुधा नसतोच.

साहित्याच्या अंकात हा रूक्ष विषय कशाला, असे वाचकांच्या मनात येईल. माझे उत्तर साधे आहे. अहवाल हेही एक लेखन आहे. त्यात कथानक असते, पात्रे असतात, आरंभ आणि शेवट असतो. एवढेच नव्हे, तर त्याला ठरावीक अलंकारही असतात. कथा-कादंबऱ्यांवर आपण इतकी शाई खर्च करतो. पण एखादी कादंबरी फसली तर फार तर प्रकाशकाचे नुकसान होते. अहवाल फसला तर पुढच्या शंभर गावांत तीच चूक शंभर वेळा घडते. तेव्हा या वाङ्मयप्रकाराकडे टीकाकाराने पाठ फिरवावी, हे मला योग्य वाटत नाही.

१

प्रथम या प्रकाराच्या बाजूने जे सांगता येईल ते सांगतो. कारण टीकाकाराने दोषांपासून सुरुवात करू नये, असा आपल्याकडे संकेत आहे आणि तो चांगला आहे.

जानेवारी १९४९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी आपल्या भाषणात मागासलेल्या देशांना तांत्रिक ज्ञान पुरवण्याचा चौथा मुद्दा मांडला. तिथून 'तांत्रिक साह्य' हा शब्द जगभर रूढ झाला. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाज-विकास योजनेचे ५५ प्रकल्प एकाच दिवशी सुरू झाले. त्यांच्यामागे अमेरिकेचे साह्य होते. फोर्ड फाउंडेशनचेही होते. ग्रामसेवक, सुधारित बियाणे, चर-संडास, प्रौढशिक्षण असा तो मोठा संसार होता. यात विशेष हे, की योजना सुरू झाली त्याच महिन्यात ती तपासणारी एक वेगळी संस्था नियोजन आयोगाने उभी केली. कार्यक्रम-मूल्यमापन संघटना हे तिचे नाव. सुरुवातीच्या काळात तिची धुरा आपल्या पुण्याच्या प्रा. द. गो. कर्वे यांच्याकडे होती. काम करणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. त्या काळी जगात ती फारशी कुठे नव्हती.

या तपासणीतून काय निघाले? रस्ते झाले, इमारती झाल्या, पण लोक योजनेला आपली म्हणत नाहीत. सरकारने करायचे आणि गावाने पाहायचे, अशी रीत पडत चालली आहे. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने हेच दुखणे नेमके सांगितले आणि त्यावर औषध सुचवले: सत्ता आणि पैसा निवडून आलेल्या गावकऱ्यांच्या हाती द्या. त्या औषधातून पंचायत राज्य आले. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. आमच्या तालुक्यातली कितीतरी शाळा-दवाखान्यांची उभारणी पुढे त्यांच्याच हातून झाली. म्हणजे चोख तपासणी झाली, ती कोणीतरी मन लावून वाचली आणि तिच्यातून राज्यकारभाराची सगळी घडी बदलली. जिथे अहवालाला सासूबाईंचा अधिकार मिळाला, तिथे तो काय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

ती मूल्यमापन संघटना २०१५ साली नीती आयोगाच्या नव्या कार्यालयात विलीन झाली. नाव गेले, काम उरले आहे. प्रश्न आहे तो त्या कामाच्या धाटणीचा.

२

आता माझ्या अधिक जवळची गोष्ट. आमच्या बीबीवरून जो हमरस्ता जातो, त्याने पश्चिमेला दुसरबीड, सिंदखेड राजा मागे टाकले की जालना लागते. या साऱ्या मुलखाच्या पायाखाली काळा पाषाण आहे. विहीर खणायची म्हणजे सुरुंग, पहार आणि महिनोन्‌महिने घाम. १९६६-६७ च्या दुष्काळात युनिसेफने हवेच्या दाबाने खडक फोडणारी यंत्रे भारतात आणली. महिन्यांचे काम दिवसांवर आले. चार-सहा इंचांचे भोक पाताळापर्यंत गेले आणि वर लोखंडी हातपंप बसला. त्यालाच आमच्याकडे हापसा म्हणतात.

भोक चांगले होते. हापसा चांगला नव्हता. तो मूळचा युरोप-अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या परसात बसवण्याचा नमुना. एका कुटुंबाने दिवसातून दहा-वीस वेळा दांडा हलवावा, एवढ्याच बेताने तो घडलेला. आपल्याकडे त्याच्यावर पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत अख्खे गाव लोटले. बिडाचे सांधे झिजले, खिळी तुटल्या, दांडे निखळले. तरी वर्षामागून वर्षे हापसे बसतच होते आणि बसवलेल्या हापशांचे आकडे अहवालांतून चढतच होते. १९७४ च्या सुमारास युनिसेफने प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा शंभरातले सुमारे पंचाहत्तर हापसे बंद असल्याचे दिसले!

एक वाचक म्हणून मला यातला नाट्यमय क्षण कोणता वाटतो, सांगू? तोवर विचारला जाणारा प्रश्न होता, "किती हापसे बसवले?" त्या पाहणीने विचारले, "आज किती चालू आहेत?" दोन प्रश्नांत अंतर चार शब्दांचे, पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर कचेरीत बसून देता येते, दुसऱ्यासाठी उन्हातान्हात जाऊन दांडा हलवून पाहावा लागतो.

आणि उत्तर सापडले ते कुठे? ते परदेशी प्रयोगशाळेत सापडले नाही. जालन्यात मिशनच्या विहीर-खोदाईच्या कामात गुंतलेल्या मंडळींनी आधीच बिडाऐवजी पोलाद वापरून आणि अनेक सांध्यांऐवजी एकच सांधा ठेवून मजबूत हापसा केला होता. सोलापूरकडच्या मंडळींनी त्याच्यापुढे पाऊल टाकले. तिथल्या हापशाची रचना शाळा न शिकलेल्या, हाताने शिकलेल्या एका कारागिराच्या डोक्यातून निघाली, असे नोंदले गेले आहे. त्यात दांड्याच्या पुढच्या टोकाला कमानीसारखा लोखंडी तुकडा आणि त्यावरून लोंबणारी साखळी. दांडा कसाही वरखाली झाला तरी साखळीमुळे आतली सळई सरळच ओढली जाते. वाकडी झिजत नाही. युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रूडास हा कारखाना यांनी सोलापूरचा हा नमुना पायाशी धरला, कोईमतूरच्या परिसरात गावागावांत बसवून त्याला झिजवून पाहिले आणि १९७७-७८ च्या सुमारास 'इंडिया मार्क दोन' हा हापसा तयार झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे पन्नास लाख हापसे जगभर बसले. युगांडात त्याच्या भावंडाला 'यू-दोन' म्हणतात. सोलापूरची साखळी आफ्रिकेतल्या आयाबायांच्या हातात पोहोचली, हे वाचून मला जो आनंद झाला, तो एखाद्या मराठी कादंबरीच्या अनुवादाने झाला नसता.

ही गोष्ट परदेशी साह्याच्या यशाचीच आहे, हे मी मान्य करतो. युनिसेफचा पैसा नसता, शिस्तशीर चाचणी नसती, तर सोलापूरची साखळी सोलापुरातच गंजली असती. पण साह्य यशस्वी झाले ते कधी? आपले अपयश मोजण्याचे धैर्य त्याने दाखवले तेव्हा, आणि शहाणपण आपल्याबरोबर विमानाने आणले आहे हा भ्रम सोडून ते सोलापूरच्या गल्लीत शोधले तेव्हा.

तरीही नव्या हापशात एक उणीव उरलीच होती. आतले चामड्याचे वायसर झिजले की सगळी पाइपलाइन वर उपसावी लागे. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणाहून गाडी, माणसे, हत्यारे यायची. ती येईपर्यंत गावाने काय करायचे? पुढे १९८० च्या दशकात मार्क तीन निघाला. त्यात पाइप रुंद ठेवला, म्हणजे पाइप न उपसता आतला दट्ट्या तेवढा वर ओढून वायसर बदलता येतो. गावातली चार माणसे ते करू शकतात. पाहा, हाही शोध एका प्रश्नातूनच निघाला: "बिघडला तर कोण दुरुस्त करील?" तांत्रिक साह्याचा इतिहास म्हणजे यंत्रांची यादी, असे आपण समजतो. मला तो प्रश्नांची यादी वाटतो.

३

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. शाळामास्तरांना पाहणीची कामे मिळतात, तसे मलाही एकदा मिळाले. बाहेरच्या साह्याने झालेल्या एका पाणीयोजनेची तपासणी होती. कोणाची, कुठली, हे सांगण्यात अर्थ नाही. सगळ्यांची साधारण तीच तऱ्हा असते. माझ्या हाती छापील तक्ता होता. त्यातला एक रकाना: "पाण्याचे साधन चालू आहे काय? होय / नाही."

शेजारच्या एका गावात मी हापशाजवळ गेलो, दांडा हलवला. सात-आठ हापशांत पाणी आले. स्वच्छ, गार पाणी. मी 'होय'वर खूण केली आणि निघालो. समोरच्या ओट्यावर एक आजी निवडण-टिपण करीत बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली.

"मास्तर, काय लिव्हलं?"

"हापसा चालू आहे, असं लिहिलं, आजी."

"चालू हाये ना. पानी बी येतं. पन त्याच्यात डाळ शिजत न्हाई."

मी थांबलो. "मग पिता कुठलं?"

"वावरातल्या हिरीचं. हे ढोरायला, कपड्याले."

पाणी जड होते. डाळ तासभर रटरटली तरी कण्या कण्याच. सरपण जळून जायचे. म्हणून त्या गावच्या बाया हापसा दारात असूनही पूर्वीसारख्याच डोक्यावर हंडा घेऊन वावरातल्या विहिरीवर जात होत्या. योजनेचा हेतू बायांची पायपीट वाचवणे हा होता. पायपीट होती तेवढीच राहिली. आणि माझ्या रकान्यात 'होय' होते.

मी तक्त्याच्या खाली 'शेरा' या जागेत बारीक अक्षरात लिहिले, "पाणी जड, डाळ शिजत नाही, पिण्यास वापर नाही." तक्ते गोळा करणाऱ्या गृहस्थांनी ते पाहिले. माणूस सज्जन होता. म्हणाला, "मास्तर, शेरे मशीनमध्ये चढत नाहीत. रकान्यात काय आहे तेवढंच चढतं." मी रकाना बदलला नाही. बदलणार तरी काय? हापसा खरोखरच चालू होता. पुढे अहवाल निघाला. इंग्रजीत होता, गुळगुळीत कागदावर. चालू साधनांच्या टक्केवारीत त्या गावाचाही वाटा होता, म्हणजे माझ्या खुणेचाही होता. त्या अहवालात खोटे असे एकही वाक्य नव्हते. अशा लेखनावर टीका करणे किती अवघड आहे, हे त्या दिवशी मला समजले.

मराठीत एखाद्याचा बेत फसला, तर 'त्याची डाळ शिजली नाही' असे आपण म्हणतो. भाषेत हा वाक्प्रचार कोणी आणला, ते मला ठाऊक नाही. पण त्याने मूल्यमापनाचा पहिला नियम सांगून ठेवला आहे: चूल पेटली का, पातेले चढले का, पाणी ओतले का, हे सगळे विचारून झाल्यावर झाकण काढून पाहायचे असते.

४

या वाङ्मयप्रकाराचे मला दिसलेले दोष आता थोडक्यात मांडतो.

पहिला दोष कथानकाचा. अहवालातली गोष्ट योजना संपते त्या दिवशी संपते. फीत कापली, छायाचित्र निघाले, समाप्ती-अहवाल लिहिला गेला. खेड्याची खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. वायसर तेव्हा झिजतो, समितीतली भांडणे तेव्हा निघतात, वीजबिल तेव्हा थकते. या ठिकाणी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मला आठवल्याशिवाय राहत नाही. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी माझ्यासारख्या मास्तराला तर घरचीच वाटते. तिच्यातला तरुण मास्तर खटपट करून वाडीत तालीम बांधून घेतो. लोक अंगमेहनत करतात, औंधचे राजेसाहेब येतात, सोहळा होतो. अहवाल लिहिणाऱ्याने इथे पूर्णविराम दिला असता आणि 'उद्दिष्ट साध्य' असा शिक्का मारला असता. माडगूळकर पुढे लिहितात. पाऊस दगा देतो, मेंढरे मरू लागतात, माणसे वाडी सोडून जगायला जातात. तालीम उभीच राहते. तालीम बांधली ते चुकले, असे कादंबरी म्हणत नाही. ती फक्त वेळेआधी उठून जात नाही. मूल्यमापन करणाऱ्याने कादंबरीकाराकडून एवढेच शिकले तरी पुरे.

दुसरा दोष श्रेयाचा. आपल्याकडे प्रत्येक योजनेचा एक सहलेखक असतो आणि त्याचे नाव मुखपृष्ठावर कधीच येत नाही. तो म्हणजे मोसमी पाऊस. १९७२ च्या दुष्काळात जर कोणी मोजमाप सुरू केले असते आणि १९७३ चा पाऊस झाल्यावर पुन्हा मोजले असते, तर कोणतीही योजना, मग ती मंत्र म्हणण्याची का असेना, यशस्वीच ठरली असती. यावर इलाज सोपा आहे: जिथे योजना झाली नाही अशा शेजारच्या गावातही तेच प्रश्न विचारायचे. तिथलीही विहीर तेवढीच भरली असेल, तर श्रेय ढगाला द्यावे. काही अभ्यासक हे कटाक्षाने करतात. पण पुष्कळ अहवालांना शेजारचे गाव दिसतच नाही.

तिसरा दोष पात्रांचा. यश आले की कर्तरी प्रयोग असतो: प्रकल्पाने उत्पन्न वाढवले, प्रकल्पाने जागृती केली. अपयश आले की वाक्याचा कर्ता पळून जातो: लोकसहभाग अपुरा राहिला, अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला हे लगेच खुपते. सहभाग अपुरा राहिला, म्हणजे कोणी कोणाला बोलावले आणि कोण का आले नाही? सभा दुपारी चावडीवर ठेवली तर निंदणीला गेलेल्या बाया कुठून येणार? पाणी बायांनी भरायचे आणि पाण्याविषयीची मते पुरुषांनी द्यायची, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

हे दोष केवळ आपल्याकडचे आहेत असे नाही. दक्षिण आफ्रिकेत एक कल्पक खेळणे निघाले होते. मुलांनी चक्रावर गोल फिरायचे आणि त्या फिरण्याने जमिनीतले पाणी वरच्या टाकीत चढायचे. खेळ खेळून पाणी! कल्पना कोणालाही भुलवील अशी. २००६ साली अमेरिकेत या योजनेसाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली. साध्या हातपंपाच्या जवळजवळ चौपट खर्चाची ही चक्रे मोझांबिक, मलावी, झांबियात बसू लागली. जितक्या लोकांना पाणी देण्याचे वचन होते तितके द्यायचे, तर मुलांना दिवसाचे सत्तावीस तास खेळावे लागेल, असा हिशेब २००९ साली इंग्लंडच्या 'गार्डियन' पत्राने मांडला. मुले कंटाळून निघून गेली. आणि म्हाताऱ्या बाया ते रंगीत चक्र हाताने ढकलताना दिसू लागल्या. २०१० पर्यंत अमेरिकेतल्या पुरस्कर्त्यांनी हात आखडता घेतला. चूक कबूल केली, हे त्यांचे मोठेपण. पण गावात चक्र बसवण्याआधी एखाद्या आजीला विचारले असते, तर पैसे वाचले असते.

५

इथवर वाचून कोणाला वाटेल, की मास्तर आकड्यांच्या विरुद्ध आहेत आणि आजीच्या एका वाक्यावर सगळ्या शास्त्राला उडवून लावत आहेत. काही काळ मलाही तसेच वाटत होते. डाळ शिजली का, हा एकच प्रश्न पुरे आहे, असे मी चारचौघांत मोठ्या ऐटीने सांगत असे. बांगलादेशाची हकिकत वाचली आणि माझी ऐट उतरली.

तिथे नदी-तळ्यांचे गढूळ पाणी पिऊन मुले हगवणीने मरत. म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि इतरांच्या साह्याने नळविहिरी खोदल्या गेल्या. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशानेही लाखो खोदल्या. पाणी नितळ, थंड, चवीला गोड. त्यात डाळही उत्तम शिजत असणार. गावातल्या कोणत्याही आजीला विचारले असते, तर तिने आशीर्वादच दिला असता. आणि त्या पाण्यात सोमल होता. सोमलाला रंग नाही, वास नाही, चव नाही. १९९३ साली त्याची खात्री पटली, तोवर हातापायांवर डाग आणि चिरा पडलेली माणसे दवाखान्यांत येऊ लागली होती. १९९२ साली एका ब्रिटिश संस्थेने तिथल्या पाण्याची तपासणी केली होती. तपासायच्या द्रव्यांच्या यादीत सोमल नव्हता! इतिहासात एवढ्या मोठ्या लोकसंख्येला विषबाधा झाल्याचे दुसरे उदाहरण नाही, असे २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आले. नंतर विहिरी तपासून वाईट विहिरींना लाल आणि चांगल्यांना हिरवा रंग देण्यात आला.

म्हणजे रकाने भरणाऱ्याला आजीचा शेरा ऐकू येत नाही, आणि आजीच्या जिभेला सोमल कळत नाही. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही. बांगलादेशात यादी अपुरी होती, आमच्याकडे रकाना अपुरा होता; दोन्हीकडे मूळ दोष एकच, की विचारायच्या गोष्टी आधीच ठरून गेल्या होत्या. ज्याची अपेक्षा नाही ते दिसले तर लिहायला जागा ठेवलेली नव्हती. माझ्या तक्त्यात ती जागा होती, तिला 'शेरा' म्हणत. पण ती यंत्रात चढत नव्हती.

६

हे सगळे आज लिहिण्याला कारण आहे. परदेशी साह्याच्या जुन्या रूपात आता फरक पडला आहे. २००३ नंतर जागतिक बँकेच्या पैशाने महाराष्ट्रात 'जलस्वराज्य' झाले. जर्मनीच्या साह्याने काही जिल्ह्यांत 'आपलं पाणी' झाले. गावाने स्वतः मागणी करायची, खर्चाचा ठरावीक हिस्सा उचलायचा आणि समितीत बायांना निम्मी जागा द्यायची, अशी त्यांची रीत होती; मागच्या चुकांपासून कोणीतरी शिकल्याची ती खूण आहे. २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. त्याला जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलर मिळाले. विदर्भ-मराठवाड्यातली हजारो गावे त्यात होती आणि आमचा बुलढाणा जिल्हाही होता. शेततळी, ठिबक, शेडनेट यांचे अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा झाले. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला मुंबईच्या आयआयटीची मदत घेतली गेली. पाण्याचाही जमाखर्च असतो, हे सरकारी कागदावर आले, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

पण हे पैसे देणगी नव्हेत, कर्ज आहे. ते आपण, आपली मुले, काडीपेटीसारख्या वस्तूवरही कर भरणारी माणसे फेडणार आहोत. दुसऱ्याने दिलेल्या चकलीला पाहुण्याने खुसखुशीत म्हणावे. पण पीठ आपले, तेल आपले आणि वाण्याची उधारीही आपल्याच नावावर, मग भीड कसली? शेततळी किती झाली, हा जुना प्रश्न झाला. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात पावसाचे पाणी साठले की विहिरीतून उपसून भरले आणि उन्हाने उडाले? एकाच्या तळ्यामुळे शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी खाली गेली का? ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे नव्हते, त्याला नंतर मिळणाऱ्या अनुदानाचा लाभ घेता आला का? हे प्रश्न योजना वाईट ठरवण्यासाठी नाहीत. सोलापूरची साखळी असल्याच प्रश्नांनी सापडली होती.

माझ्या मागण्या मास्तराला शोभतील एवढ्याच लहान आहेत. अहवाल मराठीत निघावा आणि ज्या गावाविषयी आहे त्या गावच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. गावाने हरकत घेतली तर तीही त्यात छापावी. समाप्तीनंतर तीन वर्षांनी आणि पुन्हा पाच वर्षांनी कोणीतरी, पूर्वसूचना न देता, येऊन दांडा हलवून पाहावा. आणि 'शेरा' ही जागा यंत्रात चढेल अशी सोय व्हावी. परीक्षेच्या पेपरात मीही सगळे प्रश्न होय-नाहीचे काढीत नाही. एक प्रश्न असा ठेवतो की ज्याचे उत्तर मला आधी ठाऊक नसते. तपासायला त्रास होतो. पण वर्गात कोण काय विचार करतो, हे कळते ते त्याच उत्तरांतून.

त्या गावाला मी मागच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो होतो. हापसा अजून आहे; दांड्यावर हाताने घासून चकाकी आलेली आहे, म्हणजे वापर आहे. ढोरांच्या हौदात पाणी होते. ओट्यावर आजी नव्हत्या. त्यांची सून निवडायला बसली होती. तिने मला ओळखले नाही. हातात कागद नाही असे पाहून ती थोडी मोकळी झाली आणि चहाला थांबा म्हणाली. मी विचारले, "चहाला पाणी कुठलं?" ती हसली आणि वावराच्या दिशेने बोट दाखवले.

वाचकहो, या दिवाळीनंतर कोणी तक्ता घेऊन तुमच्या दारी आला, तर त्याला चहा जरूर द्या. पण तो 'होय'वर खूण करून निघू लागला की ओट्यावरून एक हाक मारा. त्याच्या कागदावर जागा नसेल. तरीही सांगा, आणि त्याने काय लिहिले ते वाचून दाखवायला लावा.